खुनाच्या खटल्यात कठोर शिक्षा हवी असेल तर: मराठवाड्यातल्या कुटुंबांसाठी कामाची माहिती

घरातल्या माणसाचा खून झाला की दहाव्याच्या आधीच ओसरी माणसांनी भरते आणि येणारा प्रत्येक जण एकच बोलून जातो, ‘त्यांना फाशीच झाली पाहिजे.’ ही मागणी कुणाकडे, कधी आणि कोणत्या कागदावर करायची, हे मात्र कुणी सांगत नाही. पोलिस अधीक्षक शिक्षा देत नाहीत, जिल्हाधिकारी देत नाहीत, पालकमंत्री तर नाहीच नाही. जो न्यायाधीश देतो, त्याच्याकडे निवेदन घेऊन जाता येत नाही. मग वर्ष-दीड वर्ष मोर्चे, उपोषणं आणि भेटीगाठींत जातं. खटला उभा राहतो तेव्हा घरच्यांच्या पिशवीत वर्तमानपत्रांची कात्रणं असतात, चार्जशीटची, म्हणजे दोषारोपपत्राची, प्रत नसते. मराठवाड्यातल्या जिल्हा न्यायालयांच्या आवारात अशा कुटुंबांना जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, ते इथे क्रमाने लिहितो.

आधी मागणी वेगवेगळी करा

गावात अजून ‘तीनशे दोन’च म्हणतात. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तिच्यात खुनाच्या शिक्षेचं कलम १०३ आहे. शिक्षा पूर्वीचीच, फाशी किंवा जन्मठेप आणि दंड. तिसरा पर्याय न्यायाधीशाच्या हातात नाही. खून सिद्ध झाला की कमीत कमी जन्मठेप होतेच.

मग कुटुंबं निकालानंतर कोसळतात ती कशामुळे? माझ्या पाहण्यात कारणं तीनच आहेत. आरोपी पुराव्याअभावी सुटतात. किंवा खुनाचं कलम टिकत नाही, कलम १०५ चा सदोष मनुष्यवध उरतो आणि शिक्षा पाच-दहा वर्षांवर येऊ शकते. किंवा जन्मठेप होते, पण काही वर्षांनी तोच माणूस रजेवर नाहीतर माफीवर सुटून पारावर येऊन बसतो. ‘कायदा कडक करा’ या घोषणेने यातली पहिली दोन दुखणी बरी होत नाहीत. तिथे औषध पुराव्याचं आणि साक्षीदारांचं आहे.

कायदा बदलण्याची मागणी करूच नये असं नाही. पण ती कुणासाठी आहे, हे घरात सगळ्यांना माहीत असावं. संविधानाच्या कलम २० (१) नुसार गुन्हा घडला त्या दिवशी जी शिक्षा होती, तिच्यापेक्षा जास्त शिक्षा नंतरच्या कायद्याने देता येत नाही. म्हणजे उद्या कितीही कडक कायदा आला तरी तुमच्या खटल्यातल्या आरोपींना तो लागत नाही. शिवाय राज्याने असा कायदा केला तर केंद्राच्या कायद्याशी विसंगत भागासाठी राष्ट्रपतींची मान्यता लागते. महिला आणि बालकांवरील अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालं होतं. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते लागू झालंच नाही. कुटुंबाची सगळी ताकद या एकाच रस्त्यावर लावू नका.

पहिले काही दिवस: फिर्याद

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि ते नंतर भरून निघत नाही.

फिर्याद रागात लिहिली जाते. मारणारे चार असतात आणि फिर्यादीत अकरा नावं येतात, कारण भाऊबंदकीचा, बांधाचा, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा जुना हिशोब त्याच कागदावर चुकता करायचा असतो. उलटतपासणीत आरोपीचा वकील त्या सात जादा नावांपासूनच सुरुवात करतो. घटनेच्या वेळी त्यातला एक जण संभाजीनगरला दवाखान्यात भरती होता, हे कागदाने दाखवलं की उरलेल्या चौघांबद्दलही शंका तयार होते. ज्याने जे पाहिलं तेवढंच त्याने सांगावं. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून सांगावं. संशय असेल तर संशय म्हणून लिहून द्यावा, तपास करणं पोलिसांचं काम आहे.

फिर्यादीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती त्याच दिवशी घ्या. हद्दीचं कारण सांगून ठाण्यातून परत पाठवत असतील तर कोणत्याही ठाण्याला शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवावा लागतो. नोंदवतच नसतील तर पोलिस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, आणि तरी हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. त्यापुढे मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ आहे. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत असताना सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्या आईने याच खंडपीठात दाद मागितली. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. समोर पोलिस खातंच असतानाही हा मार्ग चालतो, एवढं त्यातून घ्या.

अर्ज कुणाच्या नावाने करायचे, हेही पहिल्याच आठवड्यात ठरवा. कायद्यात ‘पीडित’ या व्याख्येत मयताचा पालक किंवा कायदेशीर वारस येतो. आपल्याकडे धावपळ भाऊ नाहीतर मेहुणा करतो आणि सह्याही तोच करतो. पत्नी, आई किंवा मुलं हयात असतील तर न्यायालयातले अर्ज त्यांच्या नावाने करा. भावाने धावपळ करावी, पण आरोपीच्या वकिलाला पहिला आक्षेप आयता देऊ नये.

सीसीटीव्हीचं फुटेज. ढाबा, पेट्रोल पंप, टोल नाका, कृषी सेवा केंद्र, जिथे जिथे कॅमेरा असेल तिथलं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कोणत्या जागी कॅमेरा आहे याची यादी करून तपास अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या. स्वतः पेन ड्राइव्हवर उतरवून गावभर फिरवू नका. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाऊन नमुने घेण्याची तरतूद आहे. पथक आलं का, केव्हा आलं, पंचनाम्याचं चित्रीकरण झालं का, हे विचारून तारखेसह वहीत लिहून ठेवा.

मृतदेह ताब्यात न घेणं

‘आरोपी अटक होईपर्यंत मृतदेह ताब्यात घेणार नाही’, ही आपल्या भागातली ओळखीची भूमिका. संभाजीनगरच्या घाटी किंवा अंबाजोगाईच्या स्वाराती या सरकारी रुग्णालयांच्या आवारात रात्रभर लोक बसलेले दिसतात. त्यामागचं दुःख आणि अविश्वास दोन्ही खरे असतात. पण शवविच्छेदनाला विलंब होता कामा नये. मृत्यूची वेळ, जखमा ओल्या आहेत की जुन्या, हे सगळं वेळेवर अवलंबून असतं. शवविच्छेदन होऊ द्या, चित्रीकरणाची मागणी लेखी करा, मग हवं तर बसा. बसलात तर मागण्या दोनच ठेवा आणि त्या पूर्ण करता येण्यासारख्या हव्यात. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्या, अमुक कलम वाढवा, साक्षीदाराच्या घराला बंदोबस्त द्या, अशा प्रकारच्या. आश्वासन लेखी घेऊनच उठा. ‘फाशीची हमी द्या’ असं म्हणून बसलात तर ती हमी कुणीच देऊ शकत नाही आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला रिकाम्या हाताने उठावं लागतं.

नव्वद दिवस

खुनाच्या गुन्ह्यात अटकेनंतर पहिली कोठडी मिळाल्यापासून ९० दिवसांत दोषारोपपत्र न्यायालयात गेलं नाही तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क तयार होतो. गुन्हा किती गंभीर, हे मग कोणी विचारत नाही. म्हणून घरात कॅलेंडरवर अटकेची तारीख लिहा आणि साठाव्या दिवसापासून तपास अधिकाऱ्याकडे विचारणा सुरू करा. याच ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवण्याचं बंधन आता पोलिसांवर आहे. कळवलं नाही तर त्या कलमाचा, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या १९३ (३) चा, उल्लेख करून अर्ज द्या. बहुतेक ठाण्यांत हा अर्ज पाहून आधी भुवया उंचावतात आणि मग उत्तर मिळतं.

‘मकोका लावा’, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा लावा, ही मागणी मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनापासून प्रत्येक मोर्चात ऐकू येते. तो कायदा घोषणेने लागत नाही. टोळीविरुद्ध मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं दाखल झालेली आणि न्यायालयाने दखल घेतलेली असावी लागतात. ते गुन्हेही तीन वर्षं किंवा अधिक शिक्षेचे हवेत, आणि उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे तुमचं काम आहे माहिती गोळा करण्याचं. कोणत्या ठाण्यात, कोणत्या साली, कोणता गुन्हा, खंडणीचा की मारहाणीचा, याची यादी करा. आरोपी शेजारच्या तालुक्यात काय करत होता हे पोलिसांच्या आधी तिथल्या दुकानदारांना माहीत असतं. मकोका लागला की जामीन अवघड होतो आणि दोषारोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते, हेही ध्यानात ठेवा. तपास रेंगाळला तर ती वाढलेली मुदत तुम्हालाच जड जाते.

मयत अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम पहिल्याच फिर्यादीत आहे का ते पाहा. या कायद्यात कुटुंबाला इतर कुणापेक्षा जास्त हक्क आहेत. जामिनासह प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना आणि म्हणणं मांडण्याची संधी कलम १५-अ मध्ये आहे. खुनाच्या प्रकरणात ८ लाख २५ हजार रुपयांची मदत नियमांत ठरलेली आहे. त्यातली अर्धी शवविच्छेदनानंतर आणि उरलेली अर्धी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर मिळते. समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीकडे त्याचा पाठपुरावा करा.

इतर कुटुंबांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्ज असतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथून मिळणाऱ्या मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. भरपाई घेतली की गावात ‘पैसे घेतले, मिटवलं’ अशी आवई उठते. सरकारी भरपाई म्हणजे तडजोड नव्हे. आणि खरी तडजोड कायद्यात होतच नाही, खुनाचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. बैठकीत स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेल्या ‘मिटलं’ला न्यायालयात किंमत शून्य, पण त्या कागदाने तुमचे साक्षीदार मात्र सैल होतात.

मोर्चा काढायचा तर

९ ऑगस्ट २०१६ ला तेव्हाच्या औरंगाबादेत पहिला मराठा मूक मोर्चा निघाला. त्यामागे नगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत शाळकरी मुलीवर बलात्कार करून झालेल्या खुनाचा संताप होता. घोषणा नव्हत्या, पुढे मुली होत्या, शेवटी निवेदन दिलं गेलं. कोपर्डीची घटना जुलै २०१६ ची आणि सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. सोळा महिन्यांत निकाल लागला याचं श्रेय मोर्चांच्या दबावाला नक्की आहे. पण तो दबाव खटल्याच्या वेगावर आणि विशेष सरकारी वकिलावर पडला. शिक्षा ठरली ती पुराव्यावर.

९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. २८ डिसेंबरला बीडमध्ये सर्वपक्षीय मोर्चा निघाला. पुढे तपास सीआयडीकडे आणि विशेष पथकाकडे गेला, मकोका लागला, विशेष सरकारी वकील नेमले गेले. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून त्यातल्या पुराव्याबद्दल इथे काही लिहीत नाही. आंदोलनाच्या बाजूने पाहिलं तर या तिन्ही गोष्टी सरकारच्या हातातल्या होत्या. मोर्चाला फळ येतं ते असं काही मागितलं तर.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. आरोपींचे फोटो बॅनरवर, स्टेटसवर टाकू नका. साक्षीदार आरोपीला ओळखत नसेल तर पोलिस ओळख परेड घेतात, आणि ‘फोटो आधीच सगळीकडे होता’ एवढं एक वाक्य ती परेड निकामी करतं. प्रत्यक्षदर्शीला यूट्यूब चॅनेलसमोर बसवू नका. तिथे तो म्हणतो सहा वाजता, पोलिसांकडे म्हटलेलं असतं सात, आणि दोन वर्षांनी ती क्लिप उलटतपासणीत निघते. माइक घेऊन दारात येणाऱ्यांना कुटुंबातल्या एकाच माणसाने बोलावं आणि तो माणूस साक्षीदार नसावा. बलात्कार करून खून झाला असेल तर मुलीचं नाव, फोटो, ओळख पटेल असा तपशील कुठेही छापू नका. मृत्यूनंतरही तो गुन्हाच आहे, आणि कुटुंबाची संमती असली तरी.

आरोपीच्या जातीचं नाव घेऊन घोषणा देऊ नका. हे मी सलोख्याच्या उपदेशासाठी सांगत नाही, सलोख्याच्या बैठका घेणारे दुसरे आहेत. तुमचा पंच, तुमचा टपरीवाला साक्षीदार, मृतदेह आधी पाहणारा ट्रॅक्टरवाला, यातला कुणीतरी आरोपीच्या जातीचा असणार. मोर्चा जातीवर गेला की त्याला घरी जेवायला बसणं मुश्कील होतं, आणि तो न्यायालयात ‘मला काही आठवत नाही’ म्हणून मोकळा होतो.

परवानगीचा अर्ज मार्गासह आधी द्या. आपल्या जिल्ह्यांत जमावबंदीचे आदेश वरचेवर निघतात आणि रास्ता रोकोचे गुन्हे मयताच्या भावांवरच दाखल होतात. मग ते स्वतःच्या तारखा करत बसतात. पुढाऱ्यांना भेटा, सगळ्या पक्षांच्या भेटा, पण भेटीतून उठताना त्यांच्या लेटरहेडवर गृह विभागाला पत्र घ्या. फोटो त्यांचा, पत्र तुमचं.

वकील, आणि कुटुंबाला न्यायालयात किती बोलता येतं

खुनाचा खटला सरकार चालवतं. कुटुंबाला स्वतःचा वकील देता येतो, पण तो सरकारी वकिलाच्या मदतीला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे की या वकिलाला स्वतंत्रपणे साक्षीदार तपासता किंवा तोंडी युक्तिवाद करता येत नाही, पुरावा संपल्यावर लेखी म्हणणं देता येतं. तरीही वकीलपत्र लवकर दाखल करा, कारण वकील असलेल्या पीडिताला दोषारोपपत्राची प्रत देण्याची तरतूद आता आहे. ती प्रत घरात बसून ओळीओळीने वाचा. कुणाचा जबाब राहिला, कोणती जप्ती दाखवलीच नाही, हे तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही. राहिलेलं असेल तर पुढील तपासाची मागणी करता येते.

जामीन अर्जाला विरोध करणं हा दुसरा हक्क. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडण्याचा अधिकार मान्य केला, जामिनासह. हस्तक्षेप अर्ज करा, धमकीची प्रत्येक घटना तारखेसह लिहा. आरोपी सत्र न्यायालयात हरला की खंडपीठात जातो, म्हणून ई-कोर्ट अॅपवर आरोपीच्या नावाने शोध घेत राहा. तुमच्या खटल्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक आईच्या मोबाइलमध्येही सेव्ह असावा.

विशेष सरकारी वकिलाची मागणी विधी व न्याय विभागाकडे जाते. नुसतं ‘नामांकित वकील द्या’ असं लिहू नका. ज्यांना नेमायचं त्यांना आधी भेटा, त्यांची लेखी संमती घ्या आणि अर्जाला जोडा. मोठं नाव मिळालं म्हणजे काम झालं, असंही नाही. रोजच्या तारखांना उभा राहणारा जिल्ह्यातला सरकारी वकील आणि ठाण्याचा पैरवी कर्मचारी यांच्याशी नीट बोलणं जास्त उपयोगाचं असतं. साक्षीदाराला समन्स मिळालं का, हे पाहणारा तोच पैरवीवाला.

साक्षीदार

लेखाचा सगळ्यात मोठा भाग खरं तर हाच व्हायला हवा. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात २०१४ मध्ये शाळकरी मुलाचा खून झाला, राज्यभर आंदोलनं झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. खर्डा आपल्या बीडच्या सीमेला लागूनच आहे. ज्या महिन्यात कोपर्डीच्या खटल्यात फाशी सुनावली गेली, त्याच महिन्यात, त्याच जिल्ह्यात हा निकाल लागला. दोन्ही प्रकरणांत लोक रस्त्यावर होते.

महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्या, अशी मागणी तपास अधिकाऱ्याकडे लेखी करा (जुनं कलम १६४, आता १८३). तो उलटला तर निदान त्याला जाब विचारता येतो. संरक्षणासाठी साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ती देशभर लागू केली, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २०१७ चा आहे. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. त्यात घराबाहेर गस्त, न्यायालयात ने-आण, गरज पडल्यास आरोपीसमोर न येता साक्ष असे उपाय आहेत. साक्षीदाराला अर्ज लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहून द्या, सही त्याची घ्या. फोनवरच्या धमकीचा स्क्रीनशॉट, कॉल कधी आला त्याची वेळ जोडा.

योजनेपलीकडे एक साधी गोष्ट आहे. घटनेपासून साक्षीपर्यंत दोन-चार वर्षं जातात. ऊसतोडीचा साक्षीदार असेल तर दिवाळीनंतर तो कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत असतो, सांगलीकडे किंवा कर्नाटकात, आणि समन्स गावात चिकटवून परत येतं. त्याच्या मुकादमाचा नंबर ठेवा, तारीख आधी कळवा, यायचा खर्च न्यायालयाकडून मिळतो तो मागायला सांगा. त्याच्या घरी लग्न असेल तर जा. त्याला काय बोलायचं ते मात्र शिकवू नका. पढवलेली साक्ष पहिल्या दहा प्रश्नांत उघडी पडते.

दिल्लीच्या नितीश कटारा खून खटल्यात आई नीलम कटारा यांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली आणि २००३ मध्ये साक्षीदारांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वं मिळवली. पुढे त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दोन मुख्य आरोपींना माफीशिवाय २५ वर्षांची कैद ठरवली. शिक्षेची लढाई त्यांनी साक्षीदारांपासून सुरू केली होती.

दोषी ठरल्यानंतर

दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत वेगळी सुनावणी होते, कधी त्याच दिवशी, कधी दुसऱ्या. तुमचं म्हणणं सरकारी वकिलामार्फत लेखी तयार असावं. मयतावर कोण अवलंबून होतं, मुलांची शाळा सुटली का, जखमा किती आणि कशा, खटला चालू असताना दिलेल्या धमक्या. विशेषणं कमी, कागद जास्त. भरपाईची मागणी याच टप्प्यावर करा.

फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच, हा निकष १९८० च्या बचनसिंग निकालापासून आहे. २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक यांचे अहवाल पाहायला सांगितलं आहे. ‘त्याच्या चांगुलपणाचा अहवाल कशाला?’ म्हणून कुटुंबं चिडतात. तो अहवाल वगळला तर वरच्या न्यायालयात फाशी टिकणं अवघड होतं, म्हणून उलट तुम्हीच आग्रह धरा की तो वेळेत यावा.

फाशी झाली तरी ती उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, पुनर्विलोकन, दयेचा अर्ज. लहान मुलांचं अपहरण करून खून करणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दयेच्या अर्जावरच्या विलंबामुळे ती जन्मठेपेत बदलली. पुण्यातल्या बीपीओ कंपनीतल्या तरुणीच्या २००७ च्या बलात्कार-खून प्रकरणातही फाशी अमलात आणायला झालेल्या विलंबामुळे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ३५ वर्षांची कैद केली. दोन्ही ठिकाणी आरोपी कमी दोषी ठरले नव्हते, सरकारची फाइल हलली नव्हती. फाशी मागणाऱ्या कुटुंबाला निकालानंतरही मंत्रालयातली ती फाइल हलवत राहावी लागते. माझं मत विचाराल तर ‘माफीशिवाय पंचवीस किंवा तीस वर्षं’ ही मागणी जास्त टिकाऊ आहे. पण ती सत्र न्यायालयात करू नका. अशी शिक्षा फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालय देऊ शकतं, हे २०१५ मध्ये घटनापीठाने ठरवलेलं आहे.

अपिलाचा भाग नीट समजून घ्या, कारण इथे वकीलही घाईत चुकीचं सांगतात. आरोपी सुटला, कमी कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर कुटुंबाला स्वतः अपील करता येतं. शिक्षा कमी वाटते, एवढ्याच कारणावर कुटुंबाला अपील नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. ते अपील सरकारने करायचं असतं. म्हणून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मागा आणि विधी व न्याय विभागाला शिक्षावाढीच्या अपिलासाठी अर्ज द्या. सरकारने टाळलं तर पुनरीक्षण अर्जाचा मार्ग उरतो, त्याची मुदत ९० दिवस. सरकारने शिक्षावाढ मागितली की आरोपीला त्याच सुनावणीत निर्दोष सोडण्याचीही मागणी करता येते. पुरावा कच्चा असेल तर हे अपील अंगावर येऊ शकतं. निकालपत्र दुसऱ्या एखाद्या फौजदारी वकिलाला वाचायला देऊनच ठरवा.

जन्मठेपेनंतरची वर्षं

इथपर्यंत येता येता लोक थकतात आणि फाइल माळ्यावर जाते. फाशी ज्या गुन्ह्याची एक शिक्षा आहे, त्यात जन्मठेपेच्या कैद्याला किमान १४ वर्षं प्रत्यक्ष कैद भोगल्याशिवाय सोडता येत नाही. पुढचं सरकारच्या वर्गवारीवर आहे. महाराष्ट्राच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत गुन्ह्याच्या प्रकारानुसार वर्षं वेगवेगळी आहेत. आपलं प्रकरण कोणत्या वर्गात पडतं, ते वकिलाकडून समजून घ्या. माफीच्या वेळी शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवलं जातं, पोलिसांचाही अहवाल जातो. तुमचा आक्षेप पोहोचायला हवा तो याच वेळी.

माफी मिळाली म्हणजे दार कायमचं बंद झालं असं नाही. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरात दंगलीतल्या बिल्कीस बानो बलात्कार-हत्याकांड प्रकरणातल्या ११ जणांची माफी रद्द केली. खटला महाराष्ट्रात चालला होता, म्हणून माफीचा निर्णय गुजरात सरकारला घेता येत नव्हता.

संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, त्याआधीच सुरू होतात. रजेच्या अर्जावर स्थानिक ठाण्याचा अहवाल मागवतात आणि हवालदार गावात येऊन पोलिस पाटलाला विचारून जातो. पोलिस पाटलाला आणि ठाण्याला आधीच एक पत्र देऊन ठेवा की अशी चौकशी आली तर आमचा जबाब घ्यावा. तेच पत्र कैदी जिथे आहे त्या कारागृहाच्या अधीक्षकांनाही पाठवा, मग ते हर्सूल असो की येरवडा, आणि कैदी बदलून दुसऱ्या कारागृहात गेला तर पुन्हा पाठवा. पत्रात पत्ता आणि मोबाइल नंबर चालू असलेला लिहा. रजेवर आलेला कैदी साक्षीदाराच्या दारात गेला, तर त्याच दिवशी अदखलपात्र का होईना, नोंद करून तिची प्रत अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. पुढच्या रजेच्या अर्जात ती नोंद उपयोगी पडते.